टेबलाच्या पायाखालचा अर्ज

वजनकाट्यावरचा पातळी दाखवणारा बुडबुडा मोहरीएवढा होता आणि वर्तुळाच्या मध्यापासून डावीकडे जेमतेम एक मिलिमीटर सरकला होता. औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तेवढ्यानं दिवसभराची वजनं पाण्यात जातात. वजनं घेणाऱ्या बाईंनी एप्रनच्या खिशातून न बघताच घडी घातलेली जुनी यादी काढली, आणखी दोनदा दुमडली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. बुडबुडा मधोमध आला. बाई खूश झाल्या.

घरी बाबांनी विचारलं, "दिलास का अर्ज?"

"साहेब नजरेला नजरच देत नाहीत हो हल्ली."

"तीन आठवडे तो नजर देत नाहीये. सोमवारी खुबा माझा बदलणार आहेत, त्याचा नाही."

रजा नियमातच होती. घरच्या आजारपणासाठी सहा आठवडे, आणि तोवर नोकरी राखून. पण नियम लिहिणाऱ्यानं बाईंचं स्टूल पाहिलेलं नव्हतं. सहा आठवडे दुसरं कोणी त्यावर बसलं, की ते उठायचं नाही, ही बाईंची धास्ती.

"उद्या नक्की देते," म्हणत त्यांनी धुवायला आणलेल्या एप्रनच्या खिशात हात घातला. हाताला यादी लागली. नुसतीच यादी.

"बाबा, अर्ज दिलाय मी."

"कोणाला?"

"टेबलाला."

सकाळी बाई पोहोचल्या, तर बाहेरून तपासनीस आलेले. त्यांनी टेबलावर 'हलवू नये' अशी पट्टीही चिकटवून टाकली होती. अर्ज नवा लिहिता आला असता, पण घरच्या डॉक्टरांचा दाखला त्याच्याच घडीत होता आणि ते डॉक्टर कालपासून रजेवर होते. त्यांनी अर्ज वेळेवर दिला असणार.

तपासनिसांची पाठ वळताच बाई टेबलाखाली शिरल्या.

"बाई, काही पडलंय का?" साहेबांचा आवाज आला.

मागोमाग तपासनीस उकिडवे बसले. "या पायाखाली कागद आहे. रजिस्टरात नोंद दिसत नाही."

"कागदाची कसली नोंद?" साहेब म्हणाले.

"काटा ज्याच्या जिवावर सरळ उभा आहे, त्याची नोंद नको? काय म्हणून लिहू?"

बाईंनी टोक धरून कागद थोडा ओढला. वर बुडबुडा हलला असावा, कारण साहेब मटकन खुर्चीत बसले.

"राजीनामा लिहा," ते म्हणाले. "तीन आठवडे बघतोय. हाच कागद खिशातून काढतात, मी दिसलो की परत ठेवतात. म्हणून तर मी समोर यायचं टाळत होतो. समोर आलो असतो तर दिला असता त्यांनी. मग हा काटा कोण सांभाळणार, मी?"

टेबलाखालून साहेबांचे फक्त बूट दिसत होते. बुटांशी बोलणं बाईंना एकदम सोपं वाटलं.

"राजीनामा नाही, साहेब. रजेचा अर्ज आहे. सोमवारपासून सहा आठवडे, बाबांसाठी. आणि परत आल्यावर मला हेच स्टूल हवं."