दुसऱ्या बाहीआधीचं पाणी

तात्यांच्या शिवणकामाच्या दुकानात एक रीत होती. कोटाची डावी बाही कापून झाली की कात्री खाली ठेवायची, पेलाभर पाणी प्यायचं, साच्याचा कागद उलटा करायचा, मोठ्याने ‘उजवी’ म्हणायचं आणि मगच दुसरी बाही कापायची. ही रीत आजोबांनी घालून दिली होती, आणि आजोबा म्हणजे राजवाड्याचे शिंपी. तसं ते स्वतःच सांगत. राजवाडा कुठला, आपलं गाव कोणतं, आईबाप कोण, यातलं मात्र अवाक्षर त्यांनी कधी काढलं नाही. गळ्यात टेप अडकवून एक दिवस ते या गावात उगवले, एवढंच घरच्यांना ठाऊक. भिंतीवर त्यांचा फोटो होता. त्यात उजव्या कानाचं टोक पुढे मुडपलेलं दिसे. तसाच कान तात्यांनाही मिळाला होता, आणि राजवाड्याच्या खालोखाल त्यांना त्याचा अभिमान होता.

एक दिवस वकीलसाहेब लोकरी कापड घेऊन आले.

“हिने घेतलेलं कापड आहे, तात्या. ती गेली, कापड राहिलं. याचं बिनबाह्यांचं जाकीट शिवा. माझा खांदा आखडतो हल्ली.”

“जाकीट?” तात्यांना कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. “अहो, या कापडाचा कोट झाला पाहिजे! आजोबांनी राजवाड्यात कोटाखेरीज काही शिवलं नाही.”

“कुठल्या राजवाड्यात?”

उभा जन्म उलटतपासणीत गेलेला माणूस. “पुराव्यासकट सांगतो,” असं तात्या बोलून गेले, आणि त्या भरात त्यांनी मापं घेतली ती कोटाचीच.

मग पुरावा शोधणं आलं. तात्यांनी वर्तमानपत्रात आजोबांचा फोटो छापून आणला आणि खाली लिहिलं, ‘यांच्याबद्दल माहिती असल्यास कळवावे.’ बायको म्हणाली, “अहो, हे हरवलेल्या माणसासारखं वाटतंय.” तात्या म्हणाले, “तुला जाहिरातीतलं काय कळतं?”

फोन सुरू झाले. आजोबा कुणाला बाजारात दिसले होते, तर कुणाला बसमध्ये. तात्या वकीलसाहेबांचा कोट कापत होते. डावी बाही झाली, कात्री खाली ठेवली, पाण्याकडे हात गेला आणि फोन वाजला.

“म्हातारबुवा सापडले तर बक्षीस काय देणार?”

“अहो, ते वारलेत!”

“मग शोधताय कशाला?”

तात्यांचं टाळकं सरकलं. त्यांनी फोन आपटला आणि त्याच तिरमिरीत सरासरा दुसरी बाही कापली. मग दोन्ही बाह्या शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही डाव्या! उरलेल्या कापडात रुमालसुद्धा निघाला नसता, आणि तसलं कापड आता बाजारात मिळत नव्हतं. वकीलसाहेबांच्या गेलेल्या बायकोची शेवटची वस्तू आपण वाया घालवली! आता वकीलसाहेबांना तोंड कसं दाखवायचं?

बायको दुकानात आली तेव्हा ते पिशवीत कपडे कोंबत होते.

“कुठे निघालात?”

“बाहेरगावी.”

“किती दिवस?”

“वकीलसाहेबांचं वय काय असेल गं?”

एवढ्यात काखेत बोचकं घेतलेली एक म्हातारी दुकानाची पायरी चढली. तिने फोटोकडे पाहिलं, तात्यांच्या कानाकडे पाहिलं आणि त्यांचा कान पकडून म्हणाली, “मी तुझी आत्या. तुझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची मुलगी.”

“म्हणजे तुम्ही राजवाड्यातल्या?”

“कसला राजवाडा? तीन खणांचं घर होतं आमचं. आणि हे नाव काय लावलंय रे पाटीवर? हे तर आमच्या गावच्या कापडवाल्याचं! म्हणजे तुझे आजोबा त्याचं नाव लावून लपले होते तर!”

तिने बोचकं सोडलं. आत एक जुना कोट होता. तात्यांनी तो सवयीने बाहीला धरून उचलला आणि दुसरी बाही तिच्या शेजारी धरून पाहिली. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

“माझ्या वडिलांच्या लग्नाचा कोट,” आत्या म्हणाली. “तुझ्या आजोबांनी शिवलेला पहिलाच. लग्नाच्या सकाळी त्यांच्या लक्षात आलं, आणि ते लाजेने जे पळाले ते पळालेच. वडिलांनी हाच घातला. लग्नाच्या फोटोत उजवा हात पाठीमागे लपवलाय त्यांनी. म्हणायचे, वेड्या, बाहीपायी भावाला कुणी सोडतं का? दारात कुणीही आलं की आधी त्याचा कान बघायचे. शेवटपर्यंत बघत होते.”

तात्यांनी फोटोकडे पाहिलं. राजवाड्याची रीत म्हणून आजवर जे पाणी ते ऐटीत प्यायले, ते एका घाबरलेल्या पोराचं पाणी होतं. त्यांना आजोबांची फार दया आली, आणि दारात वाट बघणाऱ्या त्या थोरल्या भावाची त्याहून जास्त. पिशवीतले कपडे त्यांनी बाहेर काढले आणि वकीलसाहेबांना फोन लावला.

वकीलसाहेब आले. तात्या हात जोडून उभे राहिले. “साहेब, राजवाडा नव्हता. आजोबा दोन डाव्या बाह्या कापून पळालेले होते. आणि मी... मी पळालो नाही, एवढंच. तुमच्या कापडाचं वाटोळं केलं मी. काय बोलायचं ते बोला.”

वकीलसाहेबांनी दोन्ही बाह्या हातात घेतल्या. उलटसुलट करून पाहिल्या आणि शांतपणे टेबलावर ठेवल्या.

“पाठ आणि पुढचे भाग ठीक आहेत ना?”

“अगदी ठीक आहेत, साहेब.”

“मग मला सांगा तात्या,” वकीलसाहेब खुर्ची ओढून बसले, “बाह्या मागितल्या होत्या कुणी?”