आधी रिंग, मग काटा

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये परसू अंकलचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. आलेल्या माणसाला ते नाव विचारत नाहीत. "माउंट कुठला?" विचारतात. माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जिथे अडकते ते तोंड. प्रत्येक कंपनीचं वेगळं.

एकदा शेजारच्या बाई न बसणारं थर्मासचं झाकण घेऊन आल्या. अंकलनी आट्यांवरून नुसतं बोट फिरवलं. "साईं, ये दूसरे घर का है." झाकण खरंच जावेच्या थर्मासचं निघालं! मी तर बघतच राहिले.

दुकानात देवांच्या रांगेत एक फ्रेम आहे. आत नुसता काळा कागद, पण रोज अगरबत्ती. मला वाटलं, शनिदेव असतील. विचारायचं धाडस झालं नाही.

बाबांना त्यांच्या साहेबांनी जुना रोलचा कॅमेरा दिला, लेन्सशिवाय. मोबाइल समोर धरला की आई पदराने तोंड झाकते. या कॅमेऱ्यासमोर मात्र बसेन म्हणाली. रोल एकच होता.

मी तो अंकलकडे नेला. त्यांनी मध्ये एक कडी घालून दुसऱ्याच कंपनीची लेन्स बसवली.

"बसली!" मी म्हटलं.

"बसली, पर बोलत नाही. घरची लेन्स कॅमेऱ्याला सांगते, माझं छिद्र किती बंद होणार. ही पाहुणी आहे. म्हणून पहिले लेन्सवरची रिंग फिरवून तूच ते बंद कर. आत अंधार होईल, घाबरू नको. त्या अंधारात उजेड मोजायचा काटा वाच. उलटं केलं तर फोटो काळा. बोल!"

"आधी रिंग, मग काटा."

"फिर बोल, बेटी!"

अकरा वेळा म्हणवून घेतलं. बाजूचा चहावालाही म्हणायला लागला.

वांगणीला आमच्या दारात, सकाळच्या उन्हात मी आईचा फोटो काढला. आधी रिंग फिरवली, मग काटा वाचला. रोल धुऊन आला तशी फोटो घेऊन पहिली अंकलकडे गेले.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग उठले, ती काळी फ्रेम काढली आणि दारातल्या उजेडात तिरपी धरली. काळ्यात एक बारीक ठिपका चमकला.

"नाकातली चमकी," ते म्हणाले. "मेरी अम्मा. माझ्याकडे पण एकच रोल होता. मी काटा पहिले वाचला."



अंकलनी पुन्हा माझ्या आईचा फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हिचे तर कानसुद्धा दिसतात," ते म्हणाले.