गाडीला जागा

भरल्या बैठकीत साहेबांनी टेबलावर मूठ आपटली आणि तिथेच घोटाळा झाला.

"सोमवारपासून सगळ्यांनी सायकलवर यायचं! जो गाडी आणेल त्याने सगळ्या ऑफिससमोर कान धरून माफी मागायची. मग तो मी असलो तरी!"

टाळ्या पडल्या. साहेबांना त्या फार गोड लागल्या. घर ऑफिसपासून किती लांब आहे, हे त्यांना परत जाताना गाडीत आठवलं.

"आता हो?" घरी सगळं ऐकून बायकोने विचारलं.

"आता काय! सायकल डिकीत, गाडी ऑफिसमागच्या गल्लीत. तिथून टांग मारायची आणि ऐटीत फाटकातून आत."

"आणि कुणी पाहिलं तर?"

"अगं, जरा शुभ बोल की!"

सोमवार झकास गेला. रखवालदाराने तर कडक सलाम ठोकला. मंगळवारी मात्र साहेब गल्लीत वळतात तर काय, रोखपालबाई आपल्या गाडीतून सायकल उपसताहेत!

"बाई, तुम्ही? इथे?"

"तुम्ही आलात तशीच, साहेब."

झाली ना पंचाईत! रागवावं तर आधी स्वतःचे कान धरायला हवेत, तेही शिपायापासून सगळ्यांसमोर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून दोघंही गुपचूप निघाले.

पण ही अक्कल काही दोघांनाच सुचली नव्हती. बुधवारी अख्खी गल्ली ऑफिसच्याच गाड्यांनी भरलेली. साहेबांनी गाडी बाजारापाशी लावली. दुसऱ्या दिवशी बाजारही भरला, म्हणून दवाखान्यापाशी. मग पुलापलीकडे. गाडी मागे सरकत गेली, सायकलची वाट वाढत गेली. साहेब धापा टाकत, सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत पायडल मारायचे. पुलाच्या उतारावर मात्र वारा अंगावर यायचा, शेजारी खोळंबलेल्या गाड्या नुसत्या भोंगे वाजवत बसायच्या, आणि साहेबांना चक्क शीळ घालावीशी वाटायची. पोटही थोडं आत गेलं होतं. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

एके सकाळी पुलापलीकडेसुद्धा कुठे जागा मिळेना. साहेब फिरफिर फिरले आणि गाडी वळवून घरी आले.

बायको दारातच उभी होती. "अहो, काय विसरलात?"

"काही नाही," डिकीतून सायकल काढत साहेब म्हणाले, "गाडीला जागा सापडली."

"कुठे?"

"ही काय, आपल्याच दारात!"

आणि त्यांनी टांग मारली.