वरचं बसलं, खालचं हलतंय

मधुसूदन गंधे यांचं म्हणणं असं, की नागपूरकर घर घेताना पाण्याचं प्रेशर पाहतो, वास्तू पाहतो, गाडी लावायला जागा पाहतो. फक्त विकणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत नाही. ते काम गंधे करत. सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाल्यावर असं तल्लख डोकं रिकामं ठेवणं म्हणजे समाजावर अन्याय, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. म्हणून त्यांनी राहत्या घराच्या पडवीत ‘गंधे मालमत्ता गुप्तहेर संस्था’ काढली. येईल त्याला ते आपली ओळख एका दमात करून देत. “उतारा मी नुसता हुंगला तरी मला कळतं, की त्यात फेरफार झालाय की कोणी फेरफार केलाय!”

भर एप्रिलमध्येही ते कोट घालत. गुप्तहेर ओळखू यायला नको का, असं त्यांचं त्यावर उत्तर होतं.

संस्थेत दुसरा माणूस म्हणजे पुतण्या गौरांग. त्याच्याकडे वकिलीची सनद होती आणि अशील नव्हते. काकांकडे अशील कधीमधी येत आणि कायदा अजिबात नव्हता. त्यामुळे दोघांचं बरं जमलं होतं. काका तर्क लढवत आणि गौरांग उन्हातान्हात जाऊन तो खोटा असल्याची खात्री करून येई.

त्या सकाळी सौरव आणि करिष्मा ठवकर आले. सौरव हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा. करिष्माचे दिवस भरत आले होते, ती कूलरसमोर बसली ती उठायचं नाव घेईना. मानेवाड्याच्या पुष्पलता लांजेवार यांचं घर ते घेत होते. इसार दिला होता, बँकेचं कर्ज मंजूर होतं. पण रजिस्ट्रीचा दिवस उजाडला की लांजेवार काकूंचा फोन यायचा, आज जमत नाही.

“कधी बीपी वाढते, कधी पाहुणे येते,” सौरव म्हणाला. “काका, आमच्या भाड्याच्या घराचा करार संपला. मालकानं दुसरे भाडेकरू ठरवून टाकले. बँक म्हणते, महिनाअखेर रजिस्ट्री करा, नाही तर मंजुरी जाते. आता हिले घेऊन मी कुठं जाऊ?”

“तुम्ही योग्य ठिकाणी आलात,” गंधे म्हणाले.

“तुमच्याइथं राहायले?” करिष्मानं आशेनं विचारलं.

गंध्यांनी ते ऐकलं नाही. त्यांचे डोळे मिटले होते. उघडले ते निकाल घेऊनच. “दुबार विक्री! बाईंनी हेच घर आणखी कोणाला तरी विकलंय. गौरांग, निघ.”

गौरांग रजिस्ट्री ऑफिसात जाऊन नोंदी तपासून आला. घर स्वच्छ होतं. दुसरी विक्री नव्हती, गहाण नव्हतं, कोर्टाचा मनाई हुकूम नव्हता. घरावर कसलाच बोजा नव्हता.

“इतकं स्वच्छ?” गंधे गंभीर झाले. “मग नक्कीच संशयास्पद आहे.”

दुसरा तर्क वारसाचा निघाला. काकूंचे यजमान ओमप्रकाश लांजेवार, गांधीबागेतले कापडाचे व्यापारी, मृत्युपत्र न करता गेले होते. म्हणजे घरावर हक्क काकूंचा आणि त्यांच्या मुलीचा, कामिनीचा. कामिनी लग्न होऊन रामटेकला दिली होती. “मुलगी अडवतेय,” असं म्हणून गंधे पुतण्यासह बसमध्ये चढले. गडाच्या पायथ्याशी उतरले नाहीत तोच एका वानरानं त्यांच्या कोटाच्या खिशातला चिवडा पळवला. “पाळतीवर ठेवलेलं दिसतं,” गंधे पुटपुटले.

कामिनीनं पाणी दिलं, चहा दिला आणि हक्कसोडपत्राची प्रतही दाखवली. आपला हिस्सा तिनं कधीच आईच्या नावे सोडला होता. आईनं विकून रामटेकलाच यावं, म्हणून खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती.

“मग आई रजिस्ट्री का टाळतेय?” गंध्यांनी डोळे बारीक केले.

“ते आईले विचारा ना! मले काहून विचारता? फोनवर तं आजकाल हाव नि नाही, एवढंच बोलते.”

परतीच्या बसमध्ये गौरांग म्हणाला, “काका, खरंच काकूंनाच विचारलं तर?”

“संशयिताला विचारायचं असतं तर पोलीस झालो असतो,” गंधे म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेले.

गौरांगला मात्र करिष्माचे कूलरसमोरचे सुजलेले पाय आठवत राहिले. कायद्यानं सगळं ठीक होतं. इसारपत्राच्या जोरावर कोर्टात जाता आलं असतं, निकालही बहुतेक बाजूनं लागला असता. पण तोवर बाळ शाळेत जायला लागलं असतं.

शेवटी गंध्यांनी पाळत ठेवली. म्हणजे काकूंच्या खिडकीबाहेरच्या कूलरमागे ते कोटासकट उकिडवे बसले. आत फोन चालला होता. कूलरची घरघर आणि मानेवर ठिबकणारं पाणी यांतून जे ऐकू आलं ते घेऊन ते धापा टाकत पडवीत परतले.

“सापडलं! बाई फोनवर म्हणत होत्या, ‘वरचं बसलं, खालचं हलून राहिलं.’ म्हणजे वरच्या मजल्यावर कोणीतरी येऊन बसलंय. बेकायदा ताबा!”

“काका, त्या घराला वरचा मजला नाही.”

गंध्यांनी बोट वर केलं. “तेच तर! बांधायच्या आधीच विकलाय. आणि खालचं हलतंय, म्हणजे पाया कच्चा. पुढे ऐक. ‘माप पुन्हा घ्या.’ म्हणजे मोजणी. चोरून मोजणी! आणि शेवटी काय म्हणाल्या ठाऊक आहे? ‘दानपत्र झालं का मंग रजिस्ट्री.’ घर दान करतायत गौरांग. ठवकरांना इसारावर झुलवत ठेवून तिसऱ्यालाच दान!”

गौरांगनं नाही म्हणून मान हलवली, पण नोंदींचे कागद पुन्हा काढून पाहिले. दानपत्र नोंदीला आलंच नसेल तर शोधात दिसणार कुठून? पहिल्यांदाच काकांचा एक तर्क त्याला खोटा ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी गंध्यांनी ठवकर नवराबायकोला घेऊन लांजेवारांच्या बैठकीत रीतसर दरबार भरवला. पुष्पलता काकू पदर तोंडावर धरून दारात उभ्या राहिल्या, खुणेनंच बसा म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. करिष्मा भिंतीला धरून उठली आणि त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेली.

गंधे बाहेर येरझारा घालू लागले. “या घरात एक कट शिजतोय.”

“चहा शिजून राहिला, काका,” सौरव म्हणाला. त्याची रात्रपाळी झाली होती आणि धीर संपत आला होता.

“त्या पदराआड काय दडलंय, हा खरा प्रश्न आहे! माणूस तोंड केव्हा लपवतो? जेव्हा...”

तेवढ्यात आतून करिष्माचा मोठ्यानं हसण्याचा आवाज आला, मग काकूंचा, आणि मग करिष्मा दारात येऊन उभी राहिली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“दात,” ती म्हणाली.

“काय?”

“काकूंची कवळी. बेसिनवर घासताना हातून सुटली नि फुटली. नवी बनून राहिली. वरची बसली, खालची हलते. दात पक्के झाले का मंग रजिस्ट्री करतो म्हणे.”

गंधे सावकाश खुर्चीत बसले. “दात पक्के,” ते स्वतःशीच म्हणाले. “दान... पत्र. उच्चारात दोष होता.”

“तुला कसं कळलं?” गौरांगनं करिष्माला विचारलं.

“विचारलं ना! काकू, तोंडावर पदर काहून धरता म्हटलं.”

पुष्पलता काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. आता पदर खाली होता. शब्द जरा पसरट येत होते, पण कळत होते. “रजिस्ट्रीत फोटो काढते ना बाप्पा. तो कागदावर कायमचा राहते. आमच्या ह्यांनी दुकानात उभं राहून राहून हे घर बांधलं. ह्या घराच्या शेवटच्या कागदावर मी अशी बोळकी दिसू? तोंड मिटलं तं अजूनच आत जाते. कोणाले सांगाची लाज वाटली. म्हटलं, चार दिवसांत होईन. तं तो डॉक्टर रोज उद्या म्हणते.” मग त्या करिष्माकडे वळल्या. “तुह्या भाड्याच्या घराचं असं झालं हे मले कोणी सांगितलंच नाही वं पोरी. सौरव फोनवर नुसता ‘कधी करता, कधी करता’ म्हणे.”

सौरवनं मान खाली घातली. कारण न विचारणारे त्या खोलीत गंधे एकटेच नव्हते.

गौरांगनं सुचवलं की अडचण असली तर अधिकारी घरीही येऊ शकतात. “पण फोटो तेही काढतील,” हे त्याला स्वतःच जोडावं लागलं. करिष्मानं तोवर काकूंच्या फोनवरून दंतवैद्याला गाठलं होतं.

“डॉक्टर, पुष्पलता लांजेवार यांच्याकडून बोलून राहिली. मले नववा चालू आहे. तुमच्याकडून आधी दात येते का माझ्याकडून बाळ, एवढंच पाहायचं आहे. दात नसले तं मी तुमच्याच दवाखान्यात येऊन बसतो.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू पक्क्या बसल्या.

रजिस्ट्री ऑफिसात काकू गर्भरेशमी साडी नेसून आल्या. ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून सही करायला गंधे कोट घालून हजर होते. ओळखीचा प्रश्न आलाच तर आपल्याइतकं या बाईंना कोणी न्याहाळलेलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. कॅमेऱ्यामागच्या ऑपरेटरनं काकूंना खुर्चीत बसवलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, “आजी, दात दाखवू नका. तोंड बंद ठेवा.”

“काहून?” काकू ताठ बसल्या. “इतके दिवस बंदच होतं. काढ तू.”

मागे रांग होती. त्यानं काढला.

मग अंगठा झाला. सही करताना काकूंचा पेन ‘लांजेवार’पाशी थोडा रेंगाळला, पण सही पूर्ण झाली. सौरवनं सुटकेचा श्वास टाकला. गौरांगनं शिक्के तपासले. गंध्यांनी जवळच्या अनोळखी माणसाला सांगितलं, की वर-खाली काहीतरी गडबड आहे हे आपण सुरुवातीपासून म्हणत होतो.

बाहेर ऊन रणरणत होतं. पायऱ्यांवर काकूंनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या, करिष्माच्या ओंजळीत ठेवल्या आणि तिचं डोकं छातीशी धरून हमसाहमशी रडू लागल्या. करिष्माही रडू लागली. सौरव इकडेतिकडे पाहत पाण्याची बाटली शोधू लागला.

गंध्यांनी पुतण्याला हलकेच बाजूला ओढलं. “गौरांग, व्यवहार सुरळीत झाला. दात मिळाले. तरी बाई रडतायत. यामागे काहीतरी कारण असलं पाहिजे.” त्यांनी कोटाची बटणं लावली. “शोधायचं?”

“नको, काका,” गौरांग म्हणाला आणि त्यांचा हात धरून त्यांना सावलीत घेऊन गेला.