थिजोलीचा बारावा सण

थिजोलीत सण तारखेप्रमाणे येत नाहीत. ते पायी येतात, आणि हाक मारल्याशिवाय येत नाहीत.

थिजोली उत्तरेला आहे, इतकी उत्तरेला की तिच्या पुढे फक्त एक गोठलेलं तळं आणि तळ्यापलीकडे सणांची वस्ती. त्या वस्तीत अकरा सण राहत. ज्याचा त्याचा हंगाम आला की गावाच्या भिंतीवरून त्याच्या नावाची हाक जायची. मग तो उठायचा, तळं ओलांडायचा, तीन दिवस गावात राहून खाऊनपिऊन परत जायचा. जाळेसण बुटका आणि कायम ओलाचिंब. तो दर वर्षी वेशीच्या उंबऱ्यावर घसरायचा आणि तो घसरला की लोक टाळ्या वाजवायचे. लोकरकाप शिंकत यायचा. सण कुणाशी बोलत नाहीत. आरडाओरडा मात्र भरपूर करतात.

सगळ्यांत मोठी उगवाई. ती इतकी उंच की वेशीतून कमरेत वाकून आत यावं लागे. थिजोलीत हिवाळ्याचे दोन महिने सूर्य नसतो. तो उगवाई आणते, काखेत, जाड लोकरीत गुंडाळून. अंधाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान तिला हाक जावी लागते. नाही गेली तर ती कुणासाठी खोळंबत नाही, सरळ डावीकडच्या काठावरच्या बारवली गावाला जाते आणि सूर्य वर्षभर तिकडेच राहतो. सणकचेरीच्या बेल्डाबाईंच्या आजोबांच्या काळात असं एकदा झालं होतं. त्या वर्षी हाकाऱ्याला पडसं होतं. थिजोलीकरांनी वर्षभर आपले कपडे बारवलीत नेऊन वाळवले. बारवलीचे लोक अजूनही थिजोलीचं माणूस दिसलं की विचारतात, "काय, वाळले का कपडे?"

तर ही हाक ज्या घराकडे होती त्या घरात आई, ओर्वण आणि इस्कू अशी तीन माणसं होती. ओर्वण थोरला. अकरा वर्षं हाका त्यानेच मारल्या. उगवाई येण्याआधी लोखंडी टोकाची काठी घेऊन तळ्यावरचं बर्फ ठोकून पाहणं हेही हाकाऱ्याचंच काम, कारण उगवाईच्या वजनात सूर्याचं वजन धरावं लागतं. या वर्षी तो बर्फ पाहायला गेला आणि बर्फाखाली गेला. काठी तेवढी वर राहिली. तळ्याने ते भोक रात्रीतून बुजवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी इस्कू कुणाला न सांगता काठी घेऊन तळ्यावर गेला. जिथे पाय पडेल तिथे त्याने बर्फाला मारलं, शिव्या दिल्या, पुन्हा मारलं. मारत मारत तो पार सणांच्या हद्दीच्या खांबापर्यंत गेला आणि तसाच परत आला. बर्फाला चरा पडला नाही. कचेरीने ही तपासणी म्हणून मान्य केली.

उगवाईच्या आदल्या दिवशी बेल्डाबाईंनी त्याला कचेरीत बोलावलं.

"वाचता येतं का रे?"

"माझं नाव येतं."

"दादाचं?"

"अर्धं."

इस्कूने शाळा दुसरीत सोडली होती. म्हणजे मास्तरांच्या अंगावर दौत फेकली होती आणि मग शाळेनेच त्याला सोडलं होतं. बेल्डाबाईंनी चष्मा पुसला आणि मजकूर वाचून दाखवला : "उत्तरेची उगवाई, उंच अंगाची, सूर्यासह, थिजोली मुक्कामी यावे."

"एका दमात म्हणायचं. मध्ये श्वास घेतलास की हाक बाद. एका माणसाला दिवसात एकच हाक, आणि ती हाकेच्या घरातल्याचीच. सण दुसरा आवाज ओळखत नाहीत."

"माहीत आहे. भिंतीआडून आईसुद्धा आम्हा दोघांत फसायची."

"बरं. आणि उद्या दहावा दिवस आहे. ओर्वणची खाट संध्याकाळपर्यंत जमा कर."

"नाही करणार."

"नियम आहे, बाळा. गावात लाकूड नाही. गेलेल्याची खाट कचेरीत येते, आणि ज्याला नाही त्याला जाते."

"माझी घ्या. मी जमिनीवर झोपतो."

"तू गेलेला नाहीस."

इस्कूने टेबलाच्या पायाला लाथ मारली. टेबल तेवढं हललं, बेल्डाबाई हलल्या नाहीत. "बारा वाजता," त्या म्हणाल्या. "कानटोपी घालून ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी, अर्थातच काळोखात, सगळी थिजोली वेशीपाशी लोटली. छपराछपरांवर पोरं होती. मेंढ्यांना पिवळा रंग लावला होता आणि त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. परातीपरातींतून लोणी भरलेल्या सातूच्या भाकऱ्या वाफाळत होत्या. ढोलवाले गुर्डूकाका हात शेकून घेत ओरडत होते, "अरे इस्कू, घसा शेकलास का? का आम्ही कपडे भिजवायला घेऊ?"

लोक हसले. इस्कूलाही हसू आलं, आणि आलं म्हणून स्वतःचाच राग आला. नऊ दिवस त्याच्या घरात चूल सोडून काही पेटलं नव्हतं. आईचा तर रडून रडून आवाजच बसला होता. पण ढोलावर पहिली टिपरी पडली आणि दर वर्षी व्हायचं तेच झालं. पाय आपोआप नाचायला लागले. त्याने चाळीस पायऱ्या तीन-तीन करत ओलांडल्या.

वर भिंतीच्या दगडात दोन खोलगट ठसे होते. अकरा वर्षं ओर्वण तिथेच उभा राहिला होता. इस्कूने त्यांत पाय ठेवले. टाचांपाशी जागा उरली.

खाली ढोल थांबले. त्याने मजकूर मनात एकदा म्हटला, छाती फुटेल एवढा श्वास घेतला आणि समोर पाहिलं. समोर तळं होतं. कुठल्या जागी भोक होतं ते आता कुणालाही सांगता आलं नसतं, त्याला येत होतं.

"दाऽऽऽदाऽऽऽ!"

हाक तळ्यावरून गेली, पलीकडे आपटली आणि परत आली.

"हाक झाली," बेल्डाबाई म्हणाल्या. "बारा वाजून चार मिनिटं. लिहून घेते."

मग एकच गलका झाला. "काय हे!" "आता रे?" "उगवाईला कळेल का, तिलाच बोलावलं म्हणून?" "दादा म्हणून?" गुर्डूकाकांनी ढोल जमिनीवर ठेवला आणि ते स्वतः ढोलावर बसले. "भिजवा," ते म्हणाले, "भिजवा कपडे."

इस्कू वर तसाच उभा होता, तोंड उघडं. म्हणून त्यालाच आधी दिसलं. तळ्यावरून कुणीतरी येत होतं. उगवाई नव्हती, कारण उंची माणसापेक्षा वीतभरच जास्त होती. उजवा खांदा खाली टाकून, सावकाश, शीळ घालत येत होतं.

तो धडपडत पायऱ्या उतरला. तोवर आलेला वेशीत पोचला होता. त्याच्या केसांत बर्फाचे मणी होते, कानटोपी एका कानावर होती, अंगाला ओल्या लोकरीचा आणि करपलेल्या खिमटाचा वास होता. तो जिथून गेला तिथली माणसं कारण नसताना हसायला लागली, मेंढ्या उड्या मारायला लागल्या. इस्कू झेपावला, तशी बेल्डाबाईंनी त्याची बाही धरली.

"थांब. हा तुझा भाऊ नाही. सण आहे."

"कशावरून सण?" गुर्डूकाकांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"हाकेला आला. तळं ओलांडून आला. पायी आला. तिन्ही अटी पुऱ्या आहेत. सण नाही कसा?"

आई गर्दीतून पुढे आली. तिने आलेल्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "टोपी परत वाकडीच," ती फाटक्या आवाजात म्हणाली आणि टाचा उंच करून तिने ती सरळ केली. त्याने ती लगेच वाकडी केली.

तेवढ्यात छपरावरची पोरं किंचाळली, "उगवाई निघाली! डावीकडे! बारवलीकडे चाललीय!" सगळ्यांनी पाहिलं. तळ्याच्या टोकाला पिवळसर उजेडाचा एक डाग होता आणि तो खरोखरच डावीकडे सरकत होता. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मी परत हाक मारतो!" इस्कू ओरडला.

"तुझी झाली."

"मग आई!"

आईने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

आणि सगळे असे डोक्याला हात लावून उभे असताना नवा सण भिंतीकडे वळला आणि पायऱ्या चढायला लागला. कुणी वाट दाखवली नव्हती. दुसऱ्या आणि नवव्या पायरीवर बर्फ साचतं, त्या दोन पायऱ्या त्याने न बघता गाळल्या.

"अहो बाई," गुर्डूकाका उठून उभे राहिले, "सणाने सणाला हाक मारली तर चालते का?"

बेल्डाबाईंनी वही गुडघ्यावर घेतली आणि भराभर पानं उलटली. लोक श्वास रोखून त्यांच्या बोटाकडे पाहत होते. "मनाई कुठेही नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण हाक हाकेच्या घरातल्याचीच पाहिजे, आणि याला अजून घरच नाही. आधी नोंद. इस्कू, चटकन सांग. नाव?"

"दादा."

"ओर्वण लिहू का?"

"हाक दादा म्हणून मारली. दादाच लिहा."

बेल्डाबाई चौसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी लिहिलं, दादा. "खाणं?"

"पातेल्याच्या बुडाची करपलेली खरवड. आम्हाला कधी मिळू द्यायचा नाही."

"वर्ज्य?"

"टोपी सरळ घालणं."

"चाल?"

"धाकट्यांना मागून येऊन टपली मारणं."

"सगळ्या धाकट्यांना?"

"सगळ्या! बाई, उजेड बघा कुठे गेला!"

उजेड बारवलीच्या पहिल्या घरांपाशी पोचला होता. तिकडच्या ढोलांचा आवाजसुद्धा यायला लागला होता, आणि त्या आवाजात चक्क हसू होतं.

"शेवटचा रकाना," बेल्डाबाई म्हणाल्या. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि इस्कूकडे पाहिलं. "मुक्काम कुठे? प्रत्येक सणाला झोपायची जागा ठरलेली लागते. जागा नसेल तर नोंद पुरी होत नाही."

"आमच्याकडे," इस्कू म्हणाला. "त्याची खाट आहे."

बेल्डाबाईंनी ते लिहिलं, शाई वाळावी म्हणून दोनदा फुंकर मारली आणि वर बघून हात हलवला.

दादाने त्या दोन ठशांत पाय ठेवले. पाय नीट बसले. त्याने श्वास घेतला, तो इतका मोठा की खालच्या भाकऱ्यांची वाफ त्याच्याकडे ओढली गेली, आणि सबंध मजकूर एका दमात फेकला, उत्तरेची उगवाई, उंच अंगाची, सूर्यासह. पहिला शब्द ऐकताच आई मटकन खाली बसली. इस्कू मात्र उड्या मारत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो गुर्डूकाकांचा ढोल दोन्ही मुठींनी बदडत होता.

बारवलीपाशी उजेड थांबला. वळला. आणि मग लांब लांब ढांगा टाकत उगवाई तळ्यावरून अशी आली की बर्फ खालून गुरगुरलं. पण टिकलं, कारण ते ठोकून पाहिलेलं होतं. ती वेशीत कमरेत वाकली, काखेतली लोकर सोडली आणि सूर्य थिजोलीवर पडला. पिवळ्या मेंढ्यांनी एकदम एकमेकींना ओळखलं. बारा वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. एवढा ढोल थिजोलीत पूर्वी कधी वाजला नव्हता. गुर्डूकाकांनी तळ्याकडे तोंड करून दोन्ही हातांचा कर्णा केला आणि जिवाच्या आकांताने विचारलं, "काय बारवलीकर, वाळले का कपडे?"

तीन दिवस दोन्ही सण गावात होते. उगवाईला नेहमीप्रमाणे ओवाळलं गेलं. दादाचा पहिलाच सण असल्याने थोडी धांदल उडाली. घराघरांत पातेली मुद्दाम करपवली गेली. दुसऱ्या दिवशी कचेरीसमोर धाकट्या भावंडांची रांग लागली. तीत ऐंशी वर्षांची एक म्हातारी होती, तिचा थोरला भाऊ सत्तर वर्षांपूर्वी गेला होता. तिला टपली बसली तेव्हा ती "ए!" म्हणून ओरडली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. बेल्डाबाईही रांगेत होत्या, टोपी वाकडी करून.

इस्कू रांगेत उभा राहिला नाही. त्याला टपल्या घरीच बसत होत्या.

तिसऱ्या दिवशी सण निघाले. हद्दीच्या खांबापुढे सणांसोबत कुणी जायचं नसतं. खांबापर्यंत जायला मात्र हरकत नसते. इस्कूने लोखंडी टोकाची काठी घेतली आणि तो दादाच्या पुढे पुढे चालला, प्रत्येक पावलाला बर्फ ठोकत. उगवाईसाठी एकदा ठोकतात. त्याने दादासाठी तीन-तीनदा ठोकलं. त्या एका जागी तो वाकला आणि बर्फाला कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "ये. धरतंय."

दादा आला. खांबापाशी पोचल्यावर इस्कूने मागे वळून पाहिलं नाही, कारण आता काय होणार हे त्याला ठाऊक होतं. टपली बसली. नेहमीपेक्षा जरा जोरात बसली. शीळ पुढे गेली, लांब गेली, आणि मग ऐकू यायची थांबली.

तो परत आला तेव्हा बेल्डाबाई दारात उभ्या होत्या. खाट जमा करण्याचा कागद त्यांनी त्याच्यासमोर फाडला. खाट आता सणाच्या मुक्कामाची वस्तू असल्याने कचेरीला ती घेता येत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि वहीत त्याचा अंगठा मागितला.

"अंगठा नको," इस्कू म्हणाला. "सही करतो. आधी दादाचं अर्धं राहिलंय ते दाखवा."

त्यांनी त्याला ते दाखवलं. त्याने दोन्ही नावं लिहिली.

आत आई खाटेवरची गादी ओढत होती. तिचा आवाज परत आला होता आणि ती बडबडत होती. "तीन दिवसांत गादीचा चिखल करून ठेवला. तळ्यातून यायचं आणि ओल्या अंगाने तसंच लोळायचं. दर वर्षी आता हेच आलं माझ्या नशिबी. बघतोस काय, धर तिकडचं टोक!"

इस्कूने तिकडचं टोक धरलं. दोघांनी गादी छपरावर नेली आणि उन्हात घातली. संध्याकाळपर्यंत ती वाळली.