छोटी, जुनी, एकाच माणसाची

रविवारी सकाळी आठ वाजता दाराची घंटा वाजली तेव्हा कानामात्रा दचकलेच. तीन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हापासून त्यांच्याकडे येणारं-जाणारं असं कुणी उरलं नव्हतं. घंटा बिघडलेली नाही ना, हे पाहायला महिन्यातून एकदा ते स्वतःच बाहेर जाऊन ती दाबत आणि स्वतःच आत येऊन दार लावून घेत.

कानामात्रा हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या मजकुरातले काने, मात्रा, वेलांट्या जागेवर बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि छापखान्यातल्या लोकांनी त्यांचं हे बारसं केलं.

दारात एक शिंपी आणि त्याची बायको उभी होती. तो शिंपी आहे हे सांगावं लागत नव्हतं. रविवार असूनही गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती.

"जाहिरात वाचून आलो," शिंपी म्हणाला. "आहे ना अजून? का गेली?"

"आहे की! या, या. आधी बसा. चहा घेतल्याशिवाय दाखवणार नाही."

कानामात्रांनी चहाला आधण ठेवलं. चार कप काढले, मग मोजून एक परत ठेवला.

"कोणासाठी हवीय?" त्यांनी बाहेर येत विचारलं.

"आमच्या आत्यासाठी. राहायला येतायत."

"वय काय आत्याबाईंचं?"

"शहात्तर."

"शहात्तर! हौस दांडगी आहे हो!"

"हौस कसली," शिंप्याची बायको म्हणाली, "कंबर धरते त्यांची. कडक आहे का मऊ?"

"कडक. खालचा खडा न खडा कळतो."

"मग बरं. डॉक्टरांनी कडकच सांगितलीय."

डॉक्टर हल्ली असलंही काही सांगतात, याचं कानामात्रांना नवल वाटलं. पण बऱ्याच दिवसांनी कुणी समोर बसून काही विचारत होतं. ते खुलले. "मात्र आत शिरताना सांभाळायचं. आधी दोन्ही पाय घालायचे, मग हळूहळू सरकत जवळजवळ आडवं व्हायचं."

"आत... शिरायचं?"

"मग! एकाच माणसाची आहे ना. मीच वापरली तीस वर्षं. बायकोला काही तिच्यात जागा नव्हती. ती आपली घड्याळ घेऊन बाजूला उभी राहायची."

शिंप्याच्या बायकोला ठसका लागला. शिंप्याने तिच्या पाठीवर थोपटत, विषय बदलावा म्हणून विचारलं, "आवाज नाही ना येत? आमची जुनी फार कुरकुरते."

"येतो म्हणजे! चार घरं पलीकडे जातो. आणि कितीही गारठा असू दे, दोन झटक्यांत पेटते."

यावर दोघांनीही कप खाली ठेवले. शिंप्याने खिशातून पेपराचं कात्रण काढलं, एकदा त्याच्याकडे आणि एकदा कानामात्रांकडे पाहिलं. "काका, आपण बघूनच घेऊ या का?"

कानामात्रांनी त्यांना घरामागच्या शेडमध्ये नेलं आणि चादर ओढली. खाली छोटी, लाल, निमुळत्या नाकाची रेसची गाडी होती. उंची जेमतेम कमरेएवढी, चाकं उघडी, बसायला एकच खळगा. रोज पुसून पुसून तिचा रंग कोपऱ्यांवर पातळ झाला होता.

"आणि गादी?" शिंप्याच्या बायकोने विचारलं.

"कसली गादी?"

शिंप्याने कात्रण पुढे केलं. कानामात्रांनी चष्मा वर-खाली केला. 'विकणे आहे : छोटी, जुनी, रेशमी गादी. एकाच माणसाची. रोज पुसलेली. घरी येऊन पाहावी.'

त्यांनी लिहून दिलं होतं 'रेसची गाडी'. एका ओळीत दोन चुका! लोक 'ध'चा 'मा' करतात, इथे 'ड'चा 'द' झाला होता, आणि गादी काय नि गाडी काय, दोन्ही स्त्रीलिंगी, त्यामुळे अर्धा तास कुणाला पत्ता लागला नव्हता.

"रोज पुसलेली गादी," शिंपी म्हणाला, "तेव्हाच मला शंका यायला हवी होती." आणि तो जो हसत सुटला, तो शेडच्या दाराला धरून खालीच बसला. त्याची बायको हसली. मग कानामात्राही हसले, आणि आपला हसण्याचा आवाज त्यांना जरा अनोळखी वाटला.

"पण काका, विकताय कशाला? एवढी जपलीय ती."

विकायचं कारण होतं बाहेर निघणं. ही गाडी एका माणसाची असली तरी तिला माणसं दोन लागत. आत एकटं शिरता येई, पण बाहेर निघायला कुणीतरी काखेत हात घालून ओढावं लागे. तीस वर्षं ते काम बायकोने केलं. दर रविवारी कानामात्रा मागच्या मोकळ्या मैदानाला दहा फेऱ्या मारत, ती वेळ मोजे आणि शेवटी त्यांना उपटून काढत म्हणे, "या, जगज्जेते." तिच्यामागे ते गाडीत बसले नव्हते. गेल्या महिन्यात न राहवून बसले आणि अडकले. अडीच तासांनी वीजमीटर वाचणारा धट्टाकट्टा माणूस आला म्हणून सुटले. त्याने हे सगळ्या गल्लीला सांगितलं, गल्लीने परगावच्या मुलीला कळवलं, आणि मुलीने फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, ती गाडी विका. तुम्हाला ओढायला तिथं कोण आहे?" म्हणून जाहिरात.

"आज आम्ही आहोत की," शिंपी म्हणाला. "बसा तुम्ही. बघू तरी कशी पेटते."

गाडी दोन झटक्यांत पेटली. कानामात्रांनी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. शिंप्याने एका बाजूने आणि त्याच्या बायकोने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना बाहेर ओढलं. ओढता ओढता सवयीने शिंप्याने त्यांच्या छातीचं मापही मनातल्या मनात घेतलं आणि म्हणाला, "काका, शर्ट दोन इंच सैल होतोय तुम्हाला. जेवत जा."

मग गादीवाल्यांची रीघच लागली. एक नर्स आली, नुकतीच बदली होऊन आलेला बँकेतला कारकून आला, बायकोने घराबाहेर काढलेला एक गायनमास्तर आला. एकाच माणसाची गादी शोधणारी माणसं बहुतेक एकटीच असतात. प्रत्येकाला गाडी चालवून दाखवायची, आणि आता गुडघे धरल्यामुळे एकट्याने कानामात्रा ओढले जात नव्हते, म्हणून नर्सला कारकून येईपर्यंत थांबवून घ्यावं लागलं आणि कारकुनाला मास्तर येईपर्यंत. तोवर चहा आणि गप्पा. गादी नाही म्हणून एकटा मास्तर रागावला, पण त्यालाही एक फेरी मारू दिल्यावर त्याने इंजिनाचा सूर कोणता ते गाऊन दाखवलं. संध्याकाळपर्यंत चहाची पूड संपली आणि कानामात्रांच्या दोन्ही काखा दुखायला लागल्या. तीन वर्षांत त्यांना इतके हात लागले नव्हते.

तरी चूक ती चूक. सोमवारी ते तावातावाने पेपरच्या कचेरीत गेले. जाहिरातीच्या खिडकीतल्या बाईंनी शांतपणे फाईल उघडून एक कागद समोर ठेवला. छापण्यापूर्वी त्यांनाच तपासायला दिलेलं प्रूफ होतं ते. त्यात कानामात्रांनी लाल शाईने 'छोटी'नंतरचा राहिलेला स्वल्पविराम घातला होता आणि खाली लिहिलं होतं, 'तपासले. निर्दोष.' वर सही.

आपला मजकूर आपण तपासू नये, डोळे कागदावरचं न वाचता मनातलंच वाचतात, हे त्यांनी चौतीस वर्षं नवख्यांना शिकवलं होतं. कानामात्रांचे कान लाल झाले.

"असू द्या हो," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी बरोबर करून परत छापू."

पुढच्या रविवारी जाहिरात शुद्ध छापून आली. कानामात्रांनी नवी चहाची पूड आणली, दाढी केली, आठ कप पुसून ठेवले. दहापर्यंत कुणी आलं नाही. अकराला एक हॉटेलवाला आला. उभ्याउभ्याच त्याने मोबाईलवर चार फोटो काढले.

"घेतली. तुम्ही म्हणाल ती किंमत."

"आत बसून तरी बघा."

"बसायचंय कोणाला? हॉटेलच्या दारात ठेवणार. इंजिन काढायचं नि आत कुंड्या लावायच्या. झकास दिसेल. उद्या दुपारी ट्रक पाठवतो, तोवर काय ते सांगा." आणि चहा न घेता तो गेलाही.

त्यानंतर दिवसभरात कुणी आलं नाही. कानामात्रांनी आठही कप जागेवर ठेवले. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"विकली का, बाबा?"

"गिऱ्हाईक आहे. आत कुंड्या लावणार म्हणतो."

"लावू दे ना. निदान तुम्ही अडकणार नाही. मला इथं काळजी लागते हो."

तिचं चुकत नव्हतं. कानामात्रा शेडमध्ये जाऊन गाडीशेजारी बराच वेळ उभे राहिले. त्यांना फार एकटं वाटलं. इतकं तर मीटरवाल्याची वाट पाहतानाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान कुणीतरी येणार होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी हॉटेलवाल्याला 'नाही' म्हणून कळवलं आणि पेपरची कचेरी गाठली.

"मागची जाहिरात पुन्हा छापायचीय," ते खिडकीतल्या बाईंना म्हणाले.

"कालची? गाडीची?"

"तिच्या आधीची. गादीची."

"अहो काका, ती चुकीची होती!"

"मला सांगता? काना-मात्रेलासुद्धा हात लावायचा नाही. तशीच्या तशी, दर रविवारी."

"पण लोक उगाच गादीसाठी येतील."

"येऊ द्या. चहा देतो मी." त्यांनी लाल पेन काढलं. "फक्त खाली एक ओळ वाढवा : 'पाहायला शक्यतो दोघांनी यावे.'"

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "दोघांनी कशाला?"

कानामात्रांनी नीट वाचून सही केली आणि कागद सरकवत म्हणाले, "गादी जरा जड आहे."