स्थानिकांस खोली मिळणार नाही

मैत्री नुसती मनात असून भागत नाही. ती दर्शनी भागात लावावी लागते. पाटी नसलेल्या दुकानाकडे आणि पाटी नसलेल्या मैत्रीकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, हे हॉटेल व्यवसायानं अलीकडे ओळखलं आहे. त्यामुळे गे-फ्रेंडली हॉटेल निवडणं पूर्वीपेक्षा पुष्कळ अवघड झालं आहे.

पूर्वी ते फार सोपं होतं. ठाण्याला राहणारे दीपक आणि ललित बारा वर्षांत तेवीस हॉटेलांत उतरले, आणि तेवीसही ठिकाणी त्यांना चावी मिळाली. दोन पुरुषांनी एक खोली घेणं ही आपल्याकडे काटकसर समजली जाते (पुरुषानं आणि बाईनं घेणं हा संशय, आणि दोन बायकांनी घेणं हा चौकशीचा विषय). नोंदवह्यांमध्ये ते नऊ वेळा मावसभाऊ, आठ वेळा सहकारी, पाच वेळा नुसते मित्र, आणि एकदा महाबळेश्वरला सरकारी ऑडिटर होते. त्या खेपेला फळांची टोपलीही आली होती.

यंदा मात्र ललितचं म्हणणं पडलं, की एक तरी सुट्टी खऱ्या नात्यानं घालवावी. ललित औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीला होता, त्यामुळे त्यानं आधी तक्ता केला. एकूण निकष एकतीस. ठाण्याहून चार तासांच्या आत, पोहण्याचा तलाव, जवळपास वाइन, बऱ्यापैकी उशा, आणि सरतेशेवटी जाहीर मैत्री. शेवटचा निकष लावल्याबरोबर तक्त्यात एकच हॉटेल उरलं. नाशिकचं 'शशिबिंब एक्झिक्युटिव्ह'.

अडचण दीपकची होती. नाशिकपासून तासाभराच्या आत त्याचं सायखेडा. तिथं त्याची आई, भागीबाई. वर्षातून चारदा तो एकटा जाई आणि एकटाच परत येई. ललित तिला 'रूम पार्टनर' म्हणून ठाऊक होता, तोही फोनवरून.

"नाशिक मोठं आहे," ललित म्हणाला. "तुला कोण ओळखणार?"

"नाशिक मोठं आहे," दीपक म्हणाला, "पण नातेवाईक त्याहून जास्त आहेत."

तरी तो तयार झाला. बारा वर्षांत ललितनं मागितलेली ही दुसरी गोष्ट होती. (पहिली होती चांगल्या उशा.)

'शशिबिंब'चे मालक गोरक्षशेठ मूळचे पिंपळगाव बसवंतचे, कोल्ड स्टोरेजवाले. मुंबईच्या एका चर्चासत्रात त्यांना कळलं, की गे गिऱ्हाइकांचा वर्ग नीटनेटका असतो, हळू बोलतो आणि टॉवेल नेत नाही. लग्नाच्या वऱ्हाडांत त्यांना यातला एकही गुण कधी आढळला नव्हता. त्यांनी त्याच आठवड्यात दारावर पाटी लावली आणि नोकरवर्गाला दीड दिवसाचं मैत्री-प्रशिक्षण दिलं. पहिल्या महिन्यात तिथं जोडीनं उतरलेल्या एकशे अठरा पुरुषांना 'आपलं नातं आम्हाला मान्य आहे' असं सांगण्यात आलं. त्यांतले एकशे सोळा जण द्राक्षांचे व्यापारी, औषधांचे प्रतिनिधी आणि नवरदेवाचे काका निघाले. एका सासऱ्या-जावयानं लेखी तक्रारही दिली. उरलेले दोघे काही बोलले नाहीत.

शनिवारी दुपारी दीपक आणि ललित दारात उभे राहिले. रिसेप्शनवरच्या प्रतिभानं दोघांना ओवाळलं. मॅनेजर कारभारी यांनी गुलाब दिले. सहा नोकरांनी ओळीत उभं राहून टाळ्या वाजवल्या, कारण प्रशिक्षणात टाळ्या होत्या. मग एक फॉर्म आला. त्यात 'जोडपे' असा चौकोन होता. ललितनं त्यात खूण केली आणि पेन लगेच उचललं नाही. दीपकनं त्याच्याकडे पाहिलं, आणि आपण उगाच घाबरत होतो असं त्याला वाटलं.

कारभारी यांनी दोघांची आधार कार्डं घेतली. ललितचं ठाण्याचं होतं. दीपकचं अजून सायखेड्याचंच होतं; ते वाचून त्यांचं हसू मावळलं.

"सर, अडचण आहे. तुम्ही लोकल आहात."

"मग?"

"स्थानिकांना आपण खोली देत नाही. शेठचा नियम आहे."

"आत्ताच ओवाळलंत ना आम्हाला?" ललित म्हणाला.

"ते आहेच सर. तुमच्या तसं असण्याला आमची काही हरकत नाही. या सरांच्या नाशिक जिल्ह्यातलं असण्याला आहे. लोकल माणसाला घर असतं. घर सोडून हॉटेलात येतो, म्हणजे काहीतरी वेगळंच प्रकरण असणार."

"आमचं वेगळंच आहे. तेच तुम्ही दारावर लिहिलंय."

"ते बाहेरगावच्या लोकांसाठी, सर."

कारभारी मनानं चांगले होते. त्यांनी तोडगा काढला. ठाण्याच्या सरांनी खोली घ्यावी. सायखेड्याच्या सरांनी त्यांना भेटायला यावं, लॉबीत, संध्याकाळी आठपर्यंत. हे सांगता सांगता त्यांनी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"सायखेड्याला कुठं?"

"नदीकडच्या आळीत."

"भागीबाईंचे का तुम्ही?"

नाही म्हणावं असं दीपकच्या मनात आलं. पण कार्ड त्यांच्या हातात होतं. "हो."

"अहो, आमची सविता त्याच आळीतली. म्हणजे तुम्ही माझे मेव्हणे लागता."

प्रतिभानं आरतीचं ताट आवाज न करता खाली ठेवलं.

मॅनेजरच्या मेव्हण्याला दारातून परत पाठवील असा नियम नाशिक जिल्ह्यात अद्याप झालेला नाही. दोनशे चार नंबरची खोली मिळाली. नोंदवहीत 'मॅनेजरचे नातेवाईक, दोन' असं लिहिलं गेलं, आणि 'जोडपे' या चौकोनावर कारभारी यांनी पट्टी धरून रेघ मारली.

"मी बाहेर बोलणार नाही," ते दीपकला म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. त्यांनी फक्त सविताला सांगितलं (बायको म्हणजे बाहेर नव्हे). सवितानंही फक्त आपल्या आईला सांगितलं.

त्या संध्याकाळी वाइनची बाटली तशीच राहिली. दीपक फोनकडे बघत बसला आणि ललित दीपककडे. फोन वाजला तो सकाळी, नाश्त्याला.

"नाशकात हायेस म्हनं," भागीबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"हाटेलात?"

"हो."

"संगं ललित हाय?"

दीपकनं समोर पाहिलं. ललितनं इडली खाली ठेवली होती.

"हाय," दीपक म्हणाला.

"मंग गावात तोंड कसं दाखवू मी?"

बारा वर्षं दीपक याच वाक्याला भीत आला होता. त्यानं डोळे मिटले. "आई, मी तुला सांगणारच होतो..."

"काय सांगतो? घर असताना पाव्हणा हाटेलात ठेवला. सविताची आई सगळ्या आळीत सांगत फिरती. बारा वर्सं तुझ्या फोनात मागून तो इचारतो, आईनं गोळी घेतली का म्हनून. त्याला एकदा जेवाया आणायची अक्कल नाय तुला?"

 दीपकनं फोन ललितच्या हातात दिला, आणि ललित बराच वेळ नुसता "हो, हो" म्हणत राहिला.

दुपारी दोघं सायखेड्याला पोचले. मेथीची भाजी, ठेचा, चुलीवर बाजरीची भाकरी. शेजारीण दारातून डोकावली, तेव्हा "दीपकच्या घरातला हाय," असं भागीबाईंनी तिला सांगून टाकलं. शेजारीण जरा थांबली आणि ताक देऊन गेली. दीपक भिंतीला टेकून बसला होता. या घरात तो इतका सैल कधी बसला नव्हता.

"आडनाव काय रं तुझं?" भागीबाईंनी ललितला विचारलं.

ललितनं सांगितलं.

भागीबाईंचा हात थांबला. तव्यावरची भाकरी फुगली आणि बसली. दोन पुरुष, एक घर, बारा वर्षं, यांतल्या कशानंही तो हात थांबला नव्हता. मग त्यांनी भाकरी ललितच्या ताटात टाकली आणि विचारलं, "तिखट चालतं ना?"

ते आडनाव कोणतं, हे इथं नोंदवलेलं नाही. आपल्याला ते विचारावंसं वाटलं असेल, तर संकोच करू नये. चुलीपाशी, भागीबाईंच्या शेजारी, आपल्यासाठीही एक पाट मांडून ठेवला आहे.